बँकेचं फिटलं

पिपरी मेघे, वर्धा
२८ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप सौ. सीताताईस,

धाकट्या प्रेमदासचा पायांवर डोकं टेकून नमस्कार. भाऊजींनाही नमस्कार सांग, पण पायांचं सांगू नको, ते लगेच आशीर्वादाचं भाषण सुरू करतात आणि तुझा स्वयंपाक राहून जातो. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? तेल लावतेस की नुसती बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे पाहतेस? भाऊजी डोळ्यांत थेंब वेळेवर घालतात का, हे त्यांना न विचारता तूच लिही, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असतानाही ‘मले सारं साफ दिसते’ असं सांगणारा माणूस आहे तो. तूर यंदा कशी आहे, रोहण्याला थंडी पडली का, म्हैस दूध देते का, सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. नंदिनी ठीक, मयुरीचं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सुरू आहे, आणि मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पूर्वीसारखाच मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करतो आहे. (तू हसशील की हा पत्रात पुस्तकासारखा बोलून राह्यला. काय करू, पेन हातात आलं की माझ्या जिभेला इस्त्री होते.)

फोन असताना पत्र काऊन, असं तू विचारशील. त्याचं कारण असं की फोनवर मला मिनिटं मोजायची सवय आहे. आता बोलणं फुकट झालं, तरी सवय काही गेली नाही. दोन मिनिटं झाली की माझा आवाज आपोआप ‘ठेवू का मग’ या सुराला लागतो. आणि मला जे सांगायचं आहे ते दोन मिनिटांचं नाही.

तर बातमी अशी, की घराचं कर्ज फिटलं. २०१५ साली काढलेलं चौदा लाखांचं कर्ज २०३० साली फिटायचं होतं, ते मी गेल्या महिन्याच्या तीस तारखेला शेवटचा पैसा भरून बंद केलं. नऊ वर्षांचं राहिलेलं काम चार वर्षांत केलं आणि पावणेतीन लाख रुपये व्याज वाचवलं. हे मी कॉलेजात सगळ्यांना सांगून झालं, आमच्या लेआउटमधल्या प्रत्येक घरी सांगून झालं, भाजीवालीलाही सांगितलं. ती म्हणाली, तं मंग आज मेथीच्या दोन जुड्या घ्या. मी एकच घेतली.

याची सुरुवात झाली ती कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. चार वर्षांपूर्वी एका रविवारी बसल्या बसल्या मी चौदा हजार दोनशेच्या हप्त्याला एकशेऐंशी महिन्यांनी गुणलं. उत्तर आलं साडेपंचवीस लाख. मी पुन्हा गुणलं, तर पुन्हा तेच. त्या दिवशी माझं जेवण गेलं नाही. तुला माहीत आहे, बाबांनी अठ्ठ्याऐंशी साली हा प्लॉट घेतला आणि शेवटपर्यंत भाड्याच्या खोलीतच राहिले. दर रविवारी सायकलवर यायचे, प्लॉटच्या चार दगडांना हात लावून पाहायचे आणि परत जायचे. मला भीती अशी वाटली, की माझं घर बांधून झालं खरं, पण तेही दुसऱ्याचंच आहे आणि मी त्याच्या भिंतींना हात लावून पाहतो आहे. ही भीती मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. नंदिनीला फक्त एवढंच सांगितलं, की आजपासून खर्चावर नजर ठेवायची. ती म्हणाली, तुमची का माही? मी म्हणालो, माझी. इथेच चुकलं.

कॉलेजातून बाद झालेलं, काठ फुटलेलं एक मोजपात्र मी पंचवीस रुपयांची पावती फाडून रीतसर घरी आणलं (रीतसर हा शब्द भाऊजींना मुद्दाम वाचून दाखव, त्यांचा माझ्यावर संशय असतो) आणि सकाळचं दूध त्यात मोजून घालायला लागलो. माणशी साठ मिलिलिटर चहा. एकदा शेजारचे मोतीलालजी आले, त्यांच्यापुढे साठ मिलिलिटर ठेवला. ते समजले की हा काढा आहे. त्यांनी नाक दाबून एका घोटात प्यायला आणि विचारलं, घरात कोण बिमार आहे. नंदिनी आत जाऊन खूप वेळ हसली आणि मग, मला वाटतं, थोडी रडलीही असावी, कारण बाहेर आली तेव्हा तिने पदराने डोळे पुसले आणि मोतीलालजींना तिच्या मापाने दुसरा चहा करून दिला. मयुरी मैत्रिणींना घरी आणण्याआधी मला विचारायची, बाबा, या महिन्यात बोलावू की पुढच्या तिमाहीत? मला तेव्हा वाटायचं, पोरगी हिशेबात तयार होते आहे.

उन्हाळ्यात कूलर दुपारी दोन ते चार, तोही एकाच खोलीत, असा नियम होता. वर्ध्याचा मे महिना तुला सांगायला नको. पहिल्याच वर्षी मी कॉलेजातून सायकलवर येताना (पेट्रोल वाचवायला स्कूटर झाकून ठेवली होती) चौकात डोळ्यांपुढे अंधारी आली. रसवंतीच्या बाकावर बसलो तो आडवाच झालो. लोकांनी दवाखान्यात नेलं, दोन सलाइन लागल्या आणि तीन हजार आठशे रुपये गेले. ही रक्कम वहीत कुठल्या खात्यात टाकावी याचा मी दोन दिवस विचार केला आणि शेवटी ‘बचतीचा खर्च’ असं नवं खातं उघडलं. दुसऱ्या दिवशी नंदिनीने कूलर सकाळी दहालाच लावला आणि मी तो बंद करायला उठलो नाही.

पण सगळ्यात मोठी फजिती वेगळीच होती. वेतन आयोगाच्या फरकाचे ऐंशी हजार आले, ते मी हाताला ऊबही न लागू देता कर्जखात्यात नेऊन भरले. तिथे एक फॉर्म होता. जास्तीचे पैसे भरल्यावर हप्ता कमी करायचा की वर्षं कमी करायची, असे त्यात दोन चौकोन होते, त्यातल्या एकात खूण करायची. मी सही केली, तारीख टाकली, फॉर्म दिला आणि छाती काढून बाहेर आलो. चौकोन दोन्ही कोरेच. त्यांनी आपल्या रीतीने हप्ता कमी केला. अकरा महिने मी खुशीत, की पाहा, हप्ता हजार रुपयांनी उतरला, कर्ज आपल्याला भ्यायलं. शेवटी नंदिनीने एक दिवस पासबुक पाहून विचारलं, साल तं २०३० च दिसून राह्यलं, मंग आपण साठ मिलिलिटर कायच्यासाठी पेलो? मी पळत बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे दुसरा फॉर्म दिला आणि सांगितलं, काका, या वेळी वाचून सही करा. घरात दूध मोजणारा, डाळ मोजणारा, पंख्याची बटणं मोजणारा माणूस कागद मात्र न वाचता सही करतो, हे मला तेव्हा समजायला हवं होतं. मी ते फक्त त्या एका फॉर्मपुरतं समजलो.

आता तुझं सांगतो. त्याच पहिल्या वर्षी भाऊबीज आली. मी हिशेब मांडला. आमचं तिघांचं रोहण्याला येण्याजाण्याचं तिकीट, तुला साडी, मिठाई, ताटात टाकायचे पैसे, आणि तू परतीच्या वेळी पिशवीत जी तुरीची डाळ भरून देतेस तिची किंमत त्यातून वजा. (हो, वजा केली. लिहिताना लाज वाटते, पण केली.) निव्वळ खर्च निघाला एकवीसशे चाळीस. मग तुला फोन केला आणि सांगितलं, की ताई, यंदा येणं कठीण आहे, कर्जाचं चालू आहे, पाचशे एक मोबाइलवर पाठवतो. तू म्हणालीस, बरं. मी समजलो, ताईला पटलं. पुढच्या वर्षीही पाठवले, त्याच्या पुढच्या वर्षीही. एकदा वाटलं होतं की हजार एक करावेत, पण वाटण्याचं खातं मी तेव्हा बंद ठेवलं होतं. चार वर्षांच्या कर्जफेडीत पाच भाऊबिजा बसल्या. यंदाची तर कर्ज संपायच्या आठवडाभर आधी होती, आणि इतकं केलं तर आता एका भाऊबिजेसाठी कशाला हिशेब बिघडवायचा, असं म्हणून मी पाचव्यांदा पाचशे एक पाठवले. तू पाचव्यांदा बरं म्हणालीस.

दहा नोव्हेंबरला बँकेने घराचे मूळ कागद परत दिले. पेढे घेऊन गेलो होतो, पाव किलो. प्रत्येक कागदावर खूण करून, यादीप्रमाणे मोजून घेतले आणि घरी येऊन, आता शहाणा झालो म्हणून, सगळे पहिल्यापासून वाचायला बसलो. पहिला कागद बाबांचं खरेदीखत. बाबांची सही पाहून बरं वाटलं, ‘द’ ची शेपटी ते खालपर्यंत ओढायचे. दुसरा कागद तुझं हक्कसोड पत्र. दहा वर्षांपूर्वी त्यावर मीही सही केली आहे, लिहून घेणार म्हणून. वाचलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. ‘माझ्या वडिलांच्या मालमत्तेतील माझा अर्धा हिस्सा मी कोणताही मोबदला न घेता, भावावरील प्रेमापोटी व स्वखुशीने कायमचा सोडून देत आहे.’ स्टँप दोनशे रुपयांचा. खाली त्या अर्ध्या हिश्श्याची सरकारी किंमत लिहिली होती, तीन लाख साठ हजार.

तो दिवस मला आठवला. बँकेने सांगितलं होतं की बहिणीचा हक्क सुटल्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही. मी तुला फोन केला आणि तू सकाळच्या गाडीने आलीस. नोंदणीच्या कचेरीत अकरापासून तीनपर्यंत बाकावर बसलीस आणि मी सारा वेळ झेरॉक्स मोजत होतो. आतल्या साहेबाने तुला विचारलं, बाई, कोणाचा दबाव तर नाही? तू म्हणालीस, ‘भावाले घर होऊन राह्यलं, दबाव कायचा?’ साहेब हसला, तूही हसलीस, आणि मला, खरं सांगतो, राग आला होता, की ही बोलत बसली तर नंबर मागे जाईल. नंतर तुला बसस्टँडजवळ एक समोसा आणि चहा दिला. साडी घर झाल्यावर घेऊ, असंही म्हणालो. घर होऊन नऊ वर्षं झाली.

मग मी जे केलं ते तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण न सांगता राहिलं की मला झोपेत आकडे दिसतात. मी वही घेतली आणि तीन लाख साठ हजारांवर बँकेच्याच दराने दहा वर्षांचं व्याज लावलं. आठ लाख बावन्न हजार. तो आकडा मी रबराने पुसला (पेनने लिहिला होता, त्यामुळे कागदच फाटला). नंदिनी मागे उभी होती. ती एवढंच म्हणाली, ‘बँकेनं याज लावलं म्हून बँकेकडे धावत गेले. ताईनं लावलं नाई, म्हून ताई दहा वर्सं थांबून आहे.’ आणि कुकर लावायला निघून गेली. जो आपल्याला रोज टोचतो त्याचं आपण आधी देतो, आणि जो काही मागत नाही त्याला काही नकोच आहे असं समजतो. मी चांगला हिशेब केला असं चार वर्षं समजत होतो, आणि वहीत सगळ्यात वर जे नाव हवं होतं ते वहीत कुठेच नव्हतं.

तरीही हे सगळं मी पोटात ठेवलं असतं, कारण तशी मला सवय आहे. पण आठवड्याने भाऊजी डोळे दाखवायला वर्ध्याला आले आणि तासभर घरी बसले. नंदिनीने पोहे केले. बोलता बोलता भाऊबिजेचा विषय निघाला, आणि ते पोह्यांवर शेव घेत, काही विशेष नसल्यासारखं म्हणाले, की तुमची बहीण पाच वर्सं झाले, दिवस बुडला की ताट घेऊन स्लॅबवर जाते अन् दुजेच्या चांदोबाले ओवाळते. मी म्हणालो, अहो पण चांदोबाला तर ज्या बाईला भाऊ नसतो ती ओवाळते. भाऊजी म्हणाले, ‘तं मंग का करनार? तुमचे पैशे येते फोनवर. फोनले कसं ओवाळाव?’

ताई, माझ्या हातातली पोह्यांची बशी मी खाली ठेवली. भाऊजींना माझा चेहरा दिसला नसावा, मोतीबिंदूचा तेवढाच उपकार. ते गेल्यावर मी अंगणात बसलो. तुला मी आहे, धडधाकट आहे, पाऊणशे किलोमीटरवरही नाही, आणि तू पाच वर्षं मला मेल्यासारखं धरून, पण मला आयुष्य मागत, वर चांदोबाला ओवाळलंस. आणि फोनवर बरं म्हणालीस. मला फार वाईट वाटलं. याहून नीट शब्द मला सापडत नाही.

तर तू ये. घर पाहून घे, तू नीट पाहिलेलंही नाहीस. वरची खोली आम्ही झाडून ठेवली आहे, गादी उन्हात टाकली आहे, आणि मोजपात्र मी परत प्रयोगशाळेत ठेवून आलो (पंचवीस रुपये परत मिळत नाहीत). नंदिनी आणि मयुरी दोघी वाट पाहताहेत. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
प्रेमदास

ता.क. : येताना आधार कार्ड आणि पासपोर्ट साइजचे दोन फोटो घेऊन येजो. तलाठी कार्यालयात एक छोटंसं काम आहे, दहा मिनिटांचं. शिवाय एसटीत तुला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मी घ्यायला येण्यापेक्षा तू येणं हिशेबाने बरं पडेल.

ता.क. २ : वरचं लिहून मी चहा प्यायला उठलो आणि ते ‘छोटंसं काम’ मलाच खोटं वाटलं. खरं ते लिहितो. हक्कसोड पत्र झालं, पण सातबाऱ्यावरून तुझं नाव कमी करायचा अर्ज मी दहा वर्षं दिलाच नाही, फेऱ्या वाचवल्या. आता कर्ज फिटलं, कागद चोख करू म्हणून काल गेलो, तर प्लॉट अजून आपल्या दोघांच्या नावावर. तिथले म्हणाले, जुनं प्रकरण आहे, बहिणीला घेऊन या, तिचं बयान लागेल. मी कोरा अर्ज घेऊन घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो. म्हणजे नमस्कारापासून गुडघ्याच्या तेलापर्यंत सगळं त्या बयानासाठी होतं. चांदोबाचं मात्र मी ठरवलं नव्हतं. ते लिहिता लिहिता आलं, आणि ते आल्यावर पुढचं काही माझ्या हातात राहिलं नाही.

ता.क. ३ : नंदिनीने पत्र मागितलं. मी दिलं. तिने दोन्ही ता.क. सकट सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, ‘हे पोस्टात टाकू नका. स्वतः घेऊन जा, अन् ताई वाचेपरेंत तिच्यासमोर बसा.’ म्हणून ताई, तू हे वाचते आहेस तेव्हा मी तुझ्या ओसरीत बसलो आहे आणि कुठे पाहावं ते मला कळत नाही आहे. आधार कार्ड डब्यातच राहू दे. तो कोरा अर्ज नंदिनीने कणकेचा डबा पुसायला घेतला. सातबाऱ्यावर आपली दोन नावं एकाखाली एक आहेत, दहा वर्षांत भांडलेली नाहीत, ती तशीच राहतील. घर जेवढं माझं तेवढंच तुझं, आणि घरपट्टी मी एकटा भरीन. (या पत्रातलं हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.) आता चष्मा काढ आणि पिशवी भर, चार दिवसांचे कपडे घे. मी तुला घ्यायला आलो आहे. सव्वाचारची गाडी आहे.